पत आणि ऐपत

मराठीत 'ऐपत' आणि 'पत' असे दोन शब्द आहेत. त्यांचे कूळ एकच आहे किंवा नाही, हे कोशकारांनी सांगावे. आम्हांला एवढेच ठाऊक आहे की, हे दोघे सख्खे शेजारी असूनही बांधावरून त्यांचे नेहमी वाजत असते. आपल्याजवळ जे आहे ती आपली ऐपत. आपल्याजवळ जे नाही, ते केवळ आपल्या शब्दावर दुसरा जेवढे देईल तेवढी आपली पत. पहिलीचा अंदाज घरातल्या माणसांना असतो. दुसरीचा अंदाज बाहेरचा माणूस बांधतो.

आमच्या लहानपणी वसईच्या गावांतून पत मोजण्याचे साधन म्हणजे वाण्याची वही. दुकानाच्या दर्शनी भागी 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी लटकत असे आणि तिच्याच खाली बसून वाणी उधारी लिहीत असे. ज्याची केळीची वाडी त्याला घड विकले जाईपर्यंत, जो नोकरदार त्याला पहिल्या तारखेपर्यंत सवलत. व्याज म्हणून वेगळे काही लागत नसे. ते तांदळाच्या भावातच मिसळलेले असे. वाणी आपल्या आजोबांनाही ओळखत असल्यामुळे कोणाला किती द्यावे, हा त्याचा अंदाज क्वचितच चुके. एखाद्याने सणासुदीला हात सैल सोडला, तर "घरी विचारून ये" असे सांगून परत पाठविण्याचा अधिकारही तो गाजवीत असे.

आज खिशातले क्रेडिट कार्ड हीच ती वही आहे. मात्र आता वही लिहिणारा आपल्याला ओळखत नाही आणि "घरी विचारून ये" असे तो कधीच म्हणत नाही.

ह्या वहीचा इतिहास फार जुना नाही. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये 'डायनर्स क्लब' निघाला, तो मुख्यतः उपाहारगृहांची बिले चुकविण्यासाठी. १९५८ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो ह्या शहरात 'बँक ऑफ अमेरिका'ने सुमारे ६०,००० लोकांच्या घरी, त्यांनी मागितलेली नसतानाही, टपालाने कार्डे धाडली. आपल्याकडे डायनर्स क्लब १९६१ साली आला, तो मूठभर धनिकांपुरता. बँकेचे म्हणावे असे कार्ड १९८० साली 'सेंट्रल बँक ऑफ इंडिया'ने काढले. तरीही आमच्या धर्मग्रामात ते पोहोचावयास पुढे वीस वर्षे लागली असावीत. मुले मुंबईच्या कचेऱ्यांतून कामाला लागली, पगार बँकेत जमा होऊ लागला आणि पगाराच्या पाठोपाठ कार्ड घरात आले.

अलीकडे लघु ख्रिस्ती समूहाची सभा आटोपून चहा आला की, कोणी ना कोणी हा विषय काढतोच. "आम्हांला कार्ड घ्यावयाचे आहे, कोणते घ्यावे?" विचारणाऱ्यांच्या हाती बहुधा मॉलमधल्या टेबलावरून आणलेले एखादे चकचकीत पत्रक असते. त्यावर विमानतळावरील विश्रांतिकक्ष, सिनेमाची तिकिटे, गुण, भेटवस्तू अशी वरात निघालेली असते. आम्हांलाही गेल्या वर्षी हा निर्णय करावयाचा होता. आम्हा दोघांपैकी एकाला शाळेतील नोकरीचे निवृत्तिवेतन मिळते; दुसरीने चाळीस वर्षे घर आणि वाडी सांभाळली, तिच्या नावे वेतनाची एकही पावती नाही. मुलगी कॅनडात आहे आणि तिच्या बाळंतपणासाठी जावयाचे होते. प्रवासाची तिकिटे, तेथला किरकोळ खर्च, आणि मध्येच येथे कोणी आजारी पडले तर रुग्णालयात भरावयाची अनामत, ह्या तीन गोष्टी आमच्यासमोर होत्या. पत्रकांतील वरात थोडी बाजूला ठेवून आम्ही प्रथम एक कोरी वही घेतली आणि तीन महिन्यांचा खर्च टिपला. कार्ड निवडण्याचे निम्मे काम त्या वहीनेच केले.

परंतु त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, आणि पत्रक तो कधीच विचारीत नाही: महिन्याअखेरीस बिल आले की आपण ते पूर्ण भरणारे आहोत की थोडे थोडे? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याला प्रामाणिकपणे देता येईल, त्याची निवड जवळजवळ झालीच म्हणून समजावे. कारण पूर्ण भरणाऱ्याचे कार्ड आणि थोडे थोडे भरणाऱ्याचे कार्ड ह्या दिसायला सारख्या असल्या तरी वेगळ्याच वस्तू आहेत.

पूर्ण भरणाऱ्याला खरेदीच्या दिवसापासून देय तारखेपर्यंत साधारण २० ते ५० दिवस पैसे बिनव्याजी वापरावयास मिळतात. बिल ज्या दिवशी तयार होते त्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला सर्वांत लांब मुदत मिळते, आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला सर्वांत तोकडी. एवढे समजले की मोठी खरेदी केव्हा करावी हे आपोआप कळते. मात्र देय तारखेला बिलातील काही भाग जरी शिल्लक राहिला, तरी ही बिनव्याजी मुदत संपुष्टात येते. शिल्लक रकमेवर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते आणि पुढे घेतलेल्या नव्या वस्तूंवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. बाजारातून आणलेला कांदा घरी पोहोचण्यापूर्वीच त्याच्यावर व्याज चढू लागलेले असते.

आमच्या नात्यात ह्याचे एक उदाहरण घडले. संबंधितांच्या संमतीने ते येथे मांडतो. नावगाव मात्र सांगत नाही. आमचे एक मावसभाऊ, वयाने आमच्याहून लहान, खाजगी नोकरीत. मुलीचे लग्न ठरले. आमच्या समाजातील लग्ने कशी होतात, हे वाचकांना आम्ही काय सांगावे! मंडप, बँड, दोन्ही दिवसांचे जेवण, सोन्याचा भाव. 'ऋण काढून सण' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच रचली नाही. भावाने बँकेत कर्जाचा अर्ज केला नाही. पतपेढीत जावयाचे तर जामीनदार लागतो, म्हणजे चार माणसांना कळते. त्याला ते नको होते. त्याच्याजवळ दोन कार्डे होती आणि दोहोंची मर्यादा बँकेने आपण होऊन वाढवून दिली होती. लग्न थाटात झाले. तीन लाख रुपये कार्डांवर चढले.

दीड वर्षाने तो आमच्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, "दादा, मी एकही हप्ता चुकविलेला नाही. बँक सांगते तेवढे, पाच टक्के, दर महिन्याला भरतो. बँकेची तक्रार नाही." वहिनी म्हणून त्याच्यापुढे चहा ठेवता ठेवता आमच्यापैकी एकीच्या तोंडून निघून गेले, "बँकेची तक्रार कशाला असेल, भावजी?"

आम्ही तिघांनी मिळून हिशेब मांडला. तो येथे सविस्तर देतो, कारण ह्या लेखात लक्षात ठेवण्याजोगे काही असेल तर ते हेच आहे. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के. ऐकावयास तो लहान वाटतो. वर्षाचा होतो ४२ टक्के. तीन लाखांवर एका महिन्याचे व्याज १०,५०० रुपये. ह्या व्याजावर सरकारचा १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी १,८९० रुपये. एकूण १२,३९०. पाच टक्क्यांप्रमाणे भाऊ भरीत होता १५,००० रुपये. त्यातून मुद्दल फिटले फक्त २,६१० रुपयांचे. पुढल्या महिन्यात मुद्दल किंचित कमी, म्हणून किमान रक्कमही किंचित कमी, म्हणजे फेडही तितकीच मंद. त्यात घरचा किराणाही त्याच कार्डावर चालू होता, म्हणून गेलेली फेड किराण्याने परत भरून काढली. दीड वर्षात त्याने अडीच लाखांच्या आसपास रक्कम भरली होती आणि देणे जवळपास होते तेथेच होते.

पूर्वीच्या हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता: व्याजाची थकलेली रक्कम मुद्दलाहून अधिक झाली तर ती एका वेळी वसूल करता येत नसे, आणि आपल्या मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मानला. सावकाराला जी मर्यादा होती ती कार्डाला नाही. ग्राहकांची तक्रार ऐकणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरविली होती. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर किती असावा हे बँका ठरवितात. आपल्या हाती उरते ते एवढेच की, त्या दराच्या तावडीत सापडावयाचे की नाही.

शेवटी भाऊ पतपेढीत गेलाच. जामीन आम्ही राहिलो. साडेबारा टक्के दराने तीन लाखांचे कर्ज घेऊन दोन्ही कार्डांचे देणे एकाच दिवशी फेडले. तेच १५,००० रुपये महिना भरल्यावर पहिल्या महिन्यातच व्याजाचे ३,१२५ वजा जाता ११,८७५ रुपये मुद्दलात जमा झाले, आणि हे कर्ज तेविसाव्या महिन्यात फिटते. चार माणसांना कळले, हे खरे. त्यांपैकी दोघांनी आपलीही अशीच अडचण असल्याचे त्याला हळूच सांगितले.

आपल्या समाजाला हे नवीन नाही, म्हणूनच आम्हांला त्याचे अधिक वाईट वाटते. आपली बॅसीन कॅथलिक सहकारी बँक १९१८ साली सुरू झाली, ती शेतकरी आणि बागाईतदार सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून. शंभर वर्षांनंतर आपलीच नातवंडे, पतपेढी चालण्याच्या अंतरावर असताना, सावकाराहून चढ्या दराने उधार आणतात. कारण तेथे कोणाला तोंड दाखवावे लागत नाही. तेव्हा जे बिल पूर्ण भरू शकत नाहीत, त्यांना आमचे सांगणे स्पष्ट आहे: कोणते कार्ड घ्यावे हा प्रश्नच सोडून द्या. गुण, सवलती, भेटी ह्यांचा काहीएक उपयोग नाही. शंभर रुपयांच्या खरेदीवर रुपया परत मिळवून चार रुपये व्याज देण्यात कसला आला फायदा? सोन्यावरील कर्ज, ठेवीवरील कर्ज, पतपेढीचे वैयक्तिक कर्ज, हे सर्व मार्ग स्वस्त आहेत.

आता पूर्ण भरणाऱ्यांविषयी. येथे निवड खरोखर करता येते आणि ती आपल्या खर्चाच्या वहीवरून करावी. आमच्या वहीत महिन्याला किराणा, औषधे, वीज, गॅस, दूरध्वनी आणि मोटारसायकलचे पेट्रोल मिळून साधारण १५,००० रुपये निघाले. मासळी, भाजी आणि चर्चची वर्गणी रोखीने. म्हणजे वर्षाकाठी कार्डावर जाण्याजोगा खर्च १,८०,००० रुपये. आम्ही पाहिलेल्या एका कार्डाचे वार्षिक शुल्क ५०० रुपये, कर धरून ५९०. परतावा एक टक्का, म्हणजे १,८०० रुपये. हाती राहतात १,२१० रुपये. दुसऱ्या कार्डाचे शुल्क २,५०० रुपये, कर धरून २,९५०. त्याचे गुण पुष्कळ, परंतु एका गुणाची किंमत २५ पैसे, आणि विमानतळावरील विश्रांतिकक्ष फुकट. आम्ही विमानतळावर पाच वर्षांतून एकदा जातो आणि तेथेही घरून नेलेली पोळीभाजीच खातो. ते कार्ड महिन्यातून चार वेळा विमानाने फिरणाऱ्याला शोभेल. आमच्या घरात ते शोभेची वस्तू होऊन पडले असते.

गुणांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. गुण हे बँकेने छापलेले चलन आहे आणि त्याचा भाव बँक केव्हाही बदलू शकते. पेट्रोल, विमा, घरभाडे अशा खर्चांवर पुष्कळ कार्डे गुण देतच नाहीत. म्हणून जे कार्ड परतावा सरळ रुपयांत देते आणि तो बिलातून आपोआप वजा करते, ते आमच्यासारख्यांना बरे. 'आजीवन मोफत' कार्डही वाईट नसते. फक्त ते मोफत कोणत्या अटीवर आहे, हे लेखी पाहावे. अर्जासोबत महत्त्वाच्या अटींचे एक पानी पत्रक देणे बँकांवर बंधनकारक आहे. व्याजदर, शुल्क, दंड त्यात असतात. विक्रेता मुलगा बिचारा गोड बोलतो, त्याला महिन्याचा कोटा पुरा करावयाचा असतो; त्याच्यावर राग धरू नये, परंतु पत्रक वाचल्यावाचून सहीही करू नये.

परदेशी प्रवासाची गोष्ट मात्र वेगळी, आणि तेथे आमची वही अपुरी पडली. परकीय चलनातील खरेदीवर बहुतेक कार्डे साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिभार घेतात. एक लाखाची खरेदी केली तर ३,५०० रुपये आणि त्यावरील कर ६३० मिळून ४,१३० रुपये गेले. हा अधिभार कमी असलेली, क्वचित मुळीच नसलेलीही कार्डे मिळतात. ज्यांची मुले आखातात, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात आहेत आणि ज्यांना वर्षा-दोन वर्षांनी जावे लागते, त्यांनी इतर सर्व सवलती सोडून आधी हा आकडा पाहावा. तेथल्या दुकानात "रुपयांत देता की डॉलरमध्ये?" असे विचारले तर डॉलरच सांगावे. रुपयांत दिल्यास रूपांतराचा भाव दुकानाकडील यंत्रणा ठरविते आणि तो आपल्याला क्वचितच मानवतो.

कार्डावर यंत्रातून रोख रक्कम कधीच काढू नये. तिला बिनव्याजी मुदत नसते, शुल्क वेगळे. इतकेच पुरे.

'विनाव्याज हप्ते' ह्या शब्दांवर भुलणाऱ्यांसाठी सांगतो: २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले की, शून्य टक्के व्याज अशी काही वस्तूच अस्तित्वात नाही. व्याज एक तर किमतीत असते, नाही तर रोखीच्या ग्राहकाला मिळणारी सूट आपल्याला नाकारलेली असते, नाही तर 'प्रक्रिया शुल्क' ह्या नावाने ते मागील दाराने येते. जुन्या वाण्याचा तांदूळ आठवावा.

आता आमच्यापैकी दुसरीविषयी, जिच्या नावे वेतनाची पावती नाही. चाळीस वर्षे जिने वाण्याची, दूधवाल्याची, शाळेची, डॉक्टरांची देणी तारखेला चुकविली, जिच्या हातचा हिशेब कधी एका रुपयाने चुकला नाही, तिच्याविषयी पत मोजणाऱ्या संस्थेच्या दप्तरात एक ओळही नव्हती. आपल्याकडे अशा चार संस्था आहेत. त्यांतली 'सिबिल' २००० साली स्थापन झाली. तिचे गुण ३०० ते ९०० ह्यांच्या दरम्यान असतात आणि प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मागविता येतो. तो मागविला तेव्हा एकाचे दप्तर भरलेले होते, दुसरीचे कोरे. बँकेच्या दृष्टीने तिला पत नव्हतीच. चांगली नाही, वाईटही नाही.

पतीच्या कार्डाला जोडलेले पुरवणी कार्ड तिला सहज मिळाले असते. ते आम्ही घेतले नाही. पुरवणी कार्डावरील देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते, आणि मूळ कार्डधारक गेला की पुरवणी कार्डही त्याच्यासोबत जाते. साठीनंतर ह्या गोष्टी मोकळेपणाने बोलाव्या लागतात. आमच्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीचे, दुःखाच्या पहिल्याच आठवड्यात, औषधाच्या दुकानात कार्ड चालेना. तेव्हा तिला हा नियम कळला. तिच्या नावे ना दुसरे कार्ड होते ना पत.

म्हणून आम्ही तिच्या नावे ५०,००० रुपयांची मुदत ठेव केली आणि त्या ठेवीच्या तारणावर तिच्या स्वतःच्या नावाचे कार्ड घेतले. अशा कार्डाला वेतनाचा पुरावा लागत नाही. ठेवीच्या काही टक्के, आमच्या बाबतीत ८० टक्के, एवढी मर्यादा मिळते आणि ठेवीवर व्याज चालूच राहते. गृहिणी, बागाईतदार, नुकता कामाला लागलेला मुलगा, सर्वांना हा मार्ग सोपा आहे. मर्यादा ४०,००० असली तरी आम्ही खर्च १०,००० च्या आत ठेवतो. मर्यादेच्या काठापर्यंत सतत खर्च करणाऱ्याचे गुण घसरतात, म्हणून तिसऱ्या हिश्शाच्या आत राहणे बरे, असा सर्वसाधारण प्रघात आहे.

कार्ड 'रुपे' जातीचे घेतले. २०२२ सालापासून रुपे क्रेडिट कार्ड मोबाइलवरील यूपीआयला जोडता येते, त्यामुळे ज्या दुकानदाराकडे यंत्र नाही, केवळ चौकोनी छाप आहे, तेथेही ते चालते. सोय मोठी आहे, ह्यात शंका नाही. परंतु ही सोय पाहूनच आमच्या मनात थोडी धास्तीही उभी राहिली. बोंबील आणि कोथिंबीर उधारीवर घेण्याची वेळ आमच्या आईवडिलांवर फार वाईट दिवसांत आली होती. ती आता एका बोटाच्या स्पर्शावर आली आहे. तेव्हा बाजाराची पिशवी आम्ही रोखीनेच भरतो आणि कार्ड महिन्याच्या ठरलेल्या खर्चांपुरते ठेवतो.

देय तारखेचाही विचार केला. निवृत्तिवेतन महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होते, म्हणून देय तारीख १० नंतर यावी अशी बिलाची तारीख मागून घेतली. ग्राहकाला ती बदलून मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खात्यातून रक्कम आपोआप वळती करण्याचा अर्ज भरताना 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम' असे दोन चौकोन असतात. आमच्या समोर बसलेल्या कर्मचाऱ्याने न विचारता पहिल्या चौकोनात खूण केली होती. आम्ही दुसरा अर्ज मागून घेतला. बँकेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, अन्यत्र वेगळा अनुभव येईल अशी खात्री नाही. एखादे वेळी पैसे भरावयाचे राहिलेच, तर देय तारखेनंतर तीन दिवस उलटेपर्यंत विलंबशुल्क लावता येत नाही. तेवढ्यात भरून टाकावे.

न मागता कार्ड पाठविणे आपल्याकडे निषिद्ध आहे. फ्रेस्नोतील प्रकार येथे घडला आणि त्या कार्डाचे बिल आले, तर बँकेला ते रद्द करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. आपल्या नकळत कार्डावर खरेदी झाल्याचा संदेश आला तर रात्र असो वा सण, तत्काळ बँकेला कळवावे. चूक बँकेची वा आपली नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर नुकसान आपल्या माथी येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालचा नियम आहे. मात्र आपणच फोनवर कोणाला गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले. फसवणूक झाल्यास १९३० ह्या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

राहता राहिले आमच्यापैकी पहिल्याचे जुने कार्ड, नोकरीत असताना पगारखात्यासोबत आलेले. वार्षिक शुल्क ९९९ रुपये, वापर जवळजवळ नाही. ते ठेवावे, कारण जुन्या कार्डाने पतीचा इतिहास लांब दिसतो, असे आमच्या मुलाचे म्हणणे पडले. तरुणांना ते लागू आहे. त्यांना उद्या घरासाठी कर्ज काढावयाचे असते. आम्हांला आता घर बांधावयाचे नाही. शिल्लक सहाशे-सातशे रुपये भरून आम्ही बंद करण्याचा अर्ज दिला. देणे बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावे लागते, अन्यथा दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. मधल्या काळात तीन फोन आले. एकाने शुल्क माफ केले, दुसऱ्याने मर्यादा दुप्पट करण्याची तयारी दाखविली, तिसऱ्याने कारण विचारले. सहाव्या दिवशी बंद झाल्याचा संदेश आला. मग ते कार्ड चकतीवरून आडवे कापले आणि ज्या वहीत तीन महिन्यांचा खर्च लिहिला होता, तिच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून नोंद केली.